सेल्बी पार्डी आणि खाडीपलीकडचं घर

चालता चालता तो मुलीच्या मानेवर हात ठेवायचा. बघणाऱ्याला लाड वाटायचे. तो घाम चाचपत असायचा.

भेटेल त्याला आधी ‘किती?’ विचारायचा. प्रश्न मुलीसाठीचा, पण जिभेवर बसलेला. दुकानातली बर्निस म्हणायची, “पंचावन्न रे सेल्बी. पण बोलू नकोस कुठं.”

पावाचा तुकडा कापला की आधी तळहातावर तोलायचा, मग ताटात ठेवायचा.

सगळ्या कोटांच्या खिशांत पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. त्या धुण्यात विरघळायच्या. त्याच्या घरच्या चादरींनाही पेपरमिंटचा वास यायचा.

पहिला घास स्वतः कधी घेतला नाही. मुलीच्या ताटातलं किती संपलं ते बघत बसायचा.

हसताना टोपी काढून तोंडापुढे धरायचा. इंजिनाचा दोर ओढताना पुढचा दात गेला होता. तो बसवून घ्यायचं मनात होतं.

सेल्बी पार्डी न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मर्सर्स टिकलचा. गावाच्या मधोमध खाडी आहे. अलीकडे चर्च, दुकान आणि सेल्बीचं घर. पलीकडे शाळा, धक्का आणि त्याच्या थोरल्या भावाचं, गारलँडचं घर. मध्ये पूल. त्या पुलावरून सेल्बी रोज मुलीला शाळेत सोडायला जायचा. भावाच्या दारावरून जाताना नाकासमोर बघायचा.

आधी तो गारलँडच्याच बोटीवर होता. खेकड्यांचा हंगाम चालू होता आणि मुलगी, फीनी, पाच वर्षांची होती. तिचं खरं नाव ट्रायफीना, पणजीचं. पणजी हट्टी होती, तेव्हा नाव वाया गेलं नाही असं सगळे म्हणायचे. त्या वसंतात फीनी पाणी पीत सुटली. ग्लास पुरेना, जग तोंडाला लावायची. मोठी झालेली पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागली. तिच्या आईला, डॉरिनला, वाटलं की रविवारचं खारवलेलं मांस बाधलं. मग एका सकाळी फीनी उठवून उठेना. श्वासाला सडक्या सफरचंदांसारखा वास येत होता.

डॉरिननं वायरलेसवरून बोटीला निरोप दिला. गारलँड सुकाणूवर होता. खेकड्यांच्या पिंजऱ्यांची अर्धी ओळ अजून पाण्यात होती.

“गारलँड, बोट फिरव.”

“एवढी ओळ उचलू, मग निघू.”

“फिरव म्हणतोय ना!”

“तू डॉक्टर आहेस का, सेल्बी? जाऊन करणार काय, दाराशी उभा राहणार. ही ओळ सोडली तर पाच घरांचा हंगाम जातो.”

ओळ उचलली. सेल्बीनंही उचलली, बाकीच्यांबरोबर. भर समुद्रात हात बांधून तरी काय करणार? धक्क्याला लागले तेव्हा फीनीला हेलिकॉप्टरनं सेंट जॉन्सला नेलं होतं. बरोबर एकटी डॉरिन.

पोर वाचली, पण मधुमेह निघाला. सेल्बी बोटीवरून उतरला तो पुन्हा चढला नाही. भावाच्या घरात त्यानं पाऊल टाकलं नाही. आरडाओरड झाली नाही, कुणी कुणाला वेडंवाकडं बोललं नाही. दोघं चर्चमध्ये दोन बाजूंना बसू लागले, एवढंच गावाला दिसलं.

आता घर चालायला हवं होतं. डॉरिन अल्बर्टाला गेली, तिथल्या तेलाच्या कँपात स्वयंपाकाला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. आमच्याकडे अल्बर्टाला बाप्ये जातात. इथं बाई गेली आणि बाप्या घरी राहिला, त्यामुळे चेष्टा व्हायची तेवढी झाली.

“काय सेल्बी, पाव फुगला का आज?”

“तुझ्या बायकोच्यापेक्षा बरा फुगला.”

मागच्या शेडमध्ये तो बोटींची आणि स्नोमोबाइलची इंजिनं दुरुस्त करायचा. हातात पाना, कान फोनकडे. फीनीच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला असायचा. तो तिच्या रक्तातली साखर तिच्या फोनला कळवायचा आणि तिचा फोन बापाच्या फोनला. साखर चढली की एक आवाज, उतरली की दुसरा. उतरल्याचा आवाज झाला की सेल्बी हातातलं टाकून पळायचा. शेडच्या दारात पाने पडलेले असायचे.

खाण्याआधी इन्सुलिनचं पेन. किती टोचायचं ते खाण्यावर, खेळण्यावर, सर्दीपडशावर, आणि सेल्बीच्या मते वाऱ्यावरही. कधी सगळं बरोबर मोजूनही आकडा भलतीकडे जायचा. तेव्हा तो फोनकडे बघून म्हणायचा, “तू गारलँडचा जातभाई दिसतोस.” भावाचं नाव त्या घरात निघायचं ते असं.

शनिवारी टाउटन. पावाचं उरलेलं पीठ चरबीत तळायचं आणि वर काकवी. फीनीचा त्यात जीव. खाऊ नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते, मोजून खा म्हणाले होते. सेल्बी चमच्यानं काकवी मोजायचा.

“बाबा, चमच्याला राहिली थोडी.”

“ती माझी.”

“तुला काय कमी आहे? तुझं स्वादुपिंड तर फुकटात राबतंय.”

दहा वर्षांची पोर. तिच्या वर्गातल्या कुणाला तो शब्द ठाऊक नव्हता.

गावाचा तिच्यावर जीव होता. तिला तोच नकोसा झाला होता. कुणाच्या वाढदिवसाला केक फिरायचा आणि तिच्यापाशी येऊन थांबायचा. “चालतं का गं तुला, राणी?” खोलीतली सगळी डोकी वळायची. फीनी एकदा म्हणाली, “मी आले की आधी माझा आजार आत येतो. मग मी.” त्या रात्री फोनवर सेल्बीनं ते डॉरिनला सांगितलं.

नाताळनंतर बारा दिवस आमच्याकडे सोंगं निघतात. माणसं झगे घालतात, पोटाला उशा बांधतात, बूट उलटसुलट चढवतात आणि तोंडावर जाळीचा पडदा घेतात. बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. दार ठोकायचं, “सोंगं आलीत, घेता का आत?” आत घेतलं की नाचायचं. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की पडदा वर, आणि मग केक, मोठ्यांना रम, पोरांना लाल सरबत. ओळखलं नाही तोवर घास नाही की घोट नाही. पडद्याआडून खाणार कसं?

गेल्या नाताळात फीनी म्हणाली, “मी सोंग होणार.”

“मी येतो बरोबर.”

“तू आलास तर झालंच. तुझ्या वासावरूनच ओळखतील मला.”

डॉरिन तेव्हा कँपात होती. फोनवर म्हणाली, “जाऊ दे रे तिला. किती दिवस मानेवर हात ठेवणार आहेस?”

सेल्बीनं जाऊ दिलं. निघताना आकडा बघितला, चांगला होता. दोन बिस्किटं खायला घातली. फीनीनं आईचा जुना झगा घातला, आत उशी, हातांत बोटं झाकणारे जाड मोजे. गारलँडची मुलगी शार्लीन न्यायला आली होती. बापांचं काही असो, पोरी एकमेकींच्या जिवाच्या होत्या. त्यांच्याबरोबर वर्गातल्या आणखी चार-पाच जणी.

बाहेर पडल्यावर फीनीनं फोनचा आवाज बंद केला. सोंगाच्या पोटातून टिंगटिंग वाजलं तर कुणीही ओळखेल. गावात तसा वाजणारा जीव एकच होता.

एका घरी नाचल्या, दुसऱ्या घरी नाचल्या. जाड कपड्यांत घामाघूम झाल्या. अलीकडच्या एकाही घरी फीनीला कुणी ओळखलं नाही. शार्लीनला ओळखलं, बाकीच्यांना ओळखलं, त्यांनी केक खाल्ला. फीनी पडद्याआड तशीच बाहेर पडली. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग त्या पूल ओलांडून गेल्या. शाळा सोडली तर तिकडे फोनला धड रेंज नसते. सेल्बीच्या फोनवर शेवटचा आकडा आला आणि पुढे नुसती रेघ. त्यानं फोन खिडकीत धरला. मग दारात धरला. मग कोट चढवला.

व्हायनी मावशीच्या स्वयंपाकघरात ॲम्ब्रोजकाका अकॉर्डियन वाजवत होते. व्हायनी मावशी म्हणजे त्यांची बायको, पण गावात त्या दोघांना असा आपापला वेगळा मान आहे. मधे एक ठेंगणं सोंग झुलत होतं. एक पाय इकडे, एक तिकडे.

“हे ठेंगू कुणाचं गं?”

“लिओनार्डचं असणार. बघ, बापासारखंच झिंगलंय!”

“अहो सोंग, घरी बायको वाट बघतेय!”

सोंग काहीतरी पुटपुटलं. सगळे हसले. शार्लीनही हसली. कुणीतरी दारुड्याचं सोंग करायचं हे पोरींनी वाटेत ठरवलंच होतं. केक टेबलावर होता. सरबताचा जग टेबलावर होता. सोंगाच्या हातापासून फार लांब नव्हता.

सेल्बीनं हे खिडकीतून पाहिलं. तो दार उघडून आत आला आणि त्यानं तिच्या तोंडावरचा पडदा ओढून काढला. असं कुणी करत नाही. कुणीतरी “अरे अरे” म्हणालं.

फीनीचं तोंड पांढरं आणि ओलं होतं. डोळे उघडे होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. सेल्बीनं सरबत ओठांना लावलं, ते हनुवटीवरून ओघळलं. दातखीळ बसली होती. तो खाली बसला, तिला कुशीवर घेतलं, खिशातून साखर वर आणणाऱ्या औषधाची कुपी काढली, टोक तिच्या नाकात धरलं आणि दाबलं.

अकॉर्डियन थांबलं होतं. त्यातली उरलेली हवा हळूहळू बाहेर येत होती.

बऱ्याच वेळानं फीनीनं डोळे मिटून उघडले. मग ओकली. मग बापाकडे बघितलं.

“मला कुणी ओळखलं नव्हतं,” ती म्हणाली. आणि रडायला लागली.

व्हायनी मावशी दिवाणावर बसून राहिली होती. “हाताशी होतं रे सरबत माझ्या,” ती म्हणाली. “मी टाळ्या वाजवत होते.”

“तुला काय माहीत, मावशी,” सेल्बी म्हणाला.

घरी जाताना तो हेच बोलत होता, स्वतःशी. त्यांना काय माहीत? एवढी वर्षं तो सगळं एकटा करत आला होता. दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नव्हतं. शाळेतली बाई आणि डॉरिन सोडली तर गावात कुणालाच ती कुपी कशी वापरायची ते ठाऊक नव्हतं. तो नसेल तेव्हा काय, हा विचार त्यानं टाळला होता असंही नाही. तो नसेल अशी वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

सकाळी त्यानं फीनीला विचारलं, “घरोघर जाऊन सगळ्यांना शिकवावं म्हणतो. चालेल तुला?”

“मी काय हरवलेलं कुत्रं आहे, दारोदार सांगत फिरायला?”

“नाही गं.” तो टोपी हातात फिरवत राहिला. “मी एकटा पुरत नाही, फीनी.”

फीनीनं विचार केला. “मग पुढच्या वर्षी मला परत जाऊ द्यायचं. तू घरी बसायचं.”

“बसेन.”

“खिडकीतून बघायलापण यायचं नाही.”

त्यानं टोपी डोक्यावर घातली. “नाही येणार,” तो म्हणाला.

क्लिनिकमधल्या नर्सनं सरावासाठी रिकामी कुपी दिली. सेल्बी पहिल्यांदा गेला तो व्हायनी मावशीकडे. आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीजवळ एक दिवाण असतो, दुपारी लवंडायला. सेल्बी घरच्या कर्त्या माणसाला त्याच्यावर आडवा करायचा आणि म्हणायचा, “ही फीनी.”

“फीनीला मिशा कधी आल्या?” व्हायनी मावशी म्हणाली.

“दाब गं, दाब,” ॲम्ब्रोजकाका पडल्या पडल्या म्हणाले. “मेलो तर पेन्शन तुलाच आहे.”

“तुझी पेन्शन घोरण्याइतकी मोठी असती तर केव्हाच दाबलं असतं.”

सेल्बी हसायचा, टोपी तोंडापुढे धरून. पण शिकवायचं ते नीट शिकवायचा. आधी खुणा. घाम येतो, बोलणं अडखळतं, चिडते, चाल झुलते. शुद्धीवर असेल तर सरबत द्यायचं, कुणी ओळखलेलं असो नसो. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, कुपी नाकात, अंगठ्यानं दाबायचं, मग ॲम्ब्युलन्सला फोन, आणि पोरीला एकटी सोडायचं नाही. तो सगळ्यांकडून करून घ्यायचा. चुकलं की पुन्हा. लिओनार्डनं कुपी उलटी धरली तेव्हा सेल्बी शांतपणे म्हणाला, “लिओ, तिला नाक आहे. बुडाला हुंगता येत नाही.”

लोक थट्टा करायचे, पण शिकायचे. बर्निस दुकान बंद करून शिकली. पाद्रीबाईंनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. हिवाळाभर सेल्बी संध्याकाळी बर्फ तुडवत एकेक घर करत होता. अलीकडची घरं झाली. पलीकडची होत आली.

गारलँडचं राहिलं होतं.

आणि फीनी जास्तीत जास्त वेळ असायची ती त्याच घरी. शुक्रवारी शाळा सुटली की शार्लीनकडे, तिथंच जेवण. जेवणाआधी तिथल्या घरच्या फोनवरून बापाला सांगायची, ताटात काय आहे. तो सांगेल तेवढं टोचून घ्यायची. सेल्बी त्या वेळी पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा असायचा, तिथं रेंज बरी येते म्हणून. शुक्रवारी पुलावर सेल्बी असणार हे गावाला ठाऊक होतं. कुणी विचारत नसे.

डॉरिन विचारायची. “सगळं गाव झालं. त्या घरी कधी?”

“बर्फ जाऊ दे.”

“मध्ये पूल आहे, सेल्बी. बर्फाचं काय?”

“जाईन गं.”

“शिकवायला जायचंय. पाया पडायला नाही.”

बर्फ गेलं. खाडी मोकळी झाली. गारलँडची बोट खेकड्यांना निघाली. मग सेल्बी म्हणू लागला, गारलँड परत आला की जातो. तो यायचा, माल उतरवायचा, पुन्हा जायचा. सेल्बी धक्क्यापर्यंत दोनदा जाऊन परत आला. एकदा तर त्यानं वाटेत दुसऱ्याचंच इंजिन दुरुस्त करून दिलं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी तो गेला. दुपारी, पोरी शाळेत असताना. दारात त्यानं बूट काढले, म्हणजे मागे फिरायची सोय ठेवली नाही. गारलँडची बायको मर्टल पाव मळत होती. तिनं मान वळवून बघितलं.

“ये,” ती म्हणाली. “दार लाव, गार वारा येतोय.” जशी काही त्याची काल संध्याकाळीच भेट झाली होती.

तो दिवाणाच्या कडेवर बसला. चुलीमागे गारलँडचे जुने बूट वाळत घातलेले होते. सेल्बी त्यांच्याकडे बघत होता.

“त्याला अजून ऐकू येतं,” मर्टल म्हणाली.

“काय?”

“तू त्या दिवशी बोट फिरव म्हणालास ते. झोपेत बोलतो कधी कधी. जागेपणी बोलेल असा तुमच्यात कुणी जन्मला नाही.”

सेल्बीनं टोपी हातात घेतली आणि तशीच धरली. मग त्यानं शिकवायला सुरुवात केली. खुणा सांगितल्या. मर्टलनं पिठाचे हात पुसले आणि एकेक खूण परत म्हणून दाखवली. घाम. अडखळतं बोलणं. चीड. झुलती चाल. “आणि गप्प बसते,” ती म्हणाली. “मागच्या शुक्रवारी जेवताना गप्प बसली होती. मी तिला दूध दिलं.”

“बरोबर केलंस.”

“बरोबर की काय, मला काय ठाऊक होतं! पोर गप्प बसली की आई दूध देते.”

मग सेल्बीनं खिशातून रिकामी कुपी काढली. तिच्याकडे बघितलं. परत खिशात ठेवली.

“गारलँड कधी येतोय?”

“शनिवारी. वारा बरा असला तर.”

“मग पुढचं तो आल्यावर. दोघांना एकदमच.” त्यानं दिवाणावर हात आपटला. “याच्यावर आडवा पाडतो त्याला. मोठा असला म्हणून काय.”

मर्टल हसली. तोही हसला. या वेळी टोपी तोंडापुढे न्यायचं राहून गेलं.

पुलावरून येताना तो शीळ घालत होता. व्हायनी मावशीनं ऐकलं. संध्याकाळी त्यानं डॉरिनला फोनवर सांगितलं, “शनिवारी जातोय परत.” ती म्हणाली, “बघ, मेला नाहीस ना?” ते वाक्य ती आता कुणालाच सांगत नाही. एकदाच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी ॲम्ब्रोजकाका आपलं इंजिन न्यायला शेडमध्ये गेले. सेल्बी इंजिन ठेवायच्या लाकडी घोडीला टेकून जमिनीवर बसलेला होता. काकांना वाटलं, खाली पडलेलं काही शोधतोय. डॉक्टर म्हणाले, हृदय. सेहेचाळीस वर्षांचा होता. फीनी शाळेत होती. तिचा आकडा त्या वेळी चांगला होता, असं फोनवर दिसत होतं.

शनिवारी वारा बरा होता. गारलँड आला. दफनाच्या दिवशी शवपेटीला खांदा द्यायला पुढे उभा राहिला आणि खाली ठेवेपर्यंत त्यानं जागा बदलू दिली नाही. डॉरिन आली आहे, परत कँपात गेलेली नाही. फीनी शाळेत जाते. पेन स्वतः टोचते, आकडा स्वतः बघते.

या शुक्रवारी ती शार्लीनकडे जेवायला गेली. ताटात काय आहे ते तिनं आईला फोनवर सांगितलं. मर्टल तिच्या समोरच बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. घाम, अडखळतं बोलणं, चीड, झुलती चाल. एवढं मर्टलला येतं. गारलँडला तेही येत नाही. कुपी नाकात किती आत धरायची, अंगठा कुठं ठेवायचा आणि केव्हा दाबायचं, ते सेल्बी दोघांना त्या शनिवारी सांगणार होता.